पायरीवरच्या चपला

तळघराच्या वरच्या पायरीवर आक्काच्या चपला होत्या, म्हणून मी तिला खाली शोधत होते. मार्चचा पहिला आठवडा, भर दुपार. अळिंबीच्या पिशव्यांना पाणी मारून वर आले तर पायरीवर चपलांचे दोन जोड, एक माझा, एक तिचा, आणि दाराशी तिचं बसायचं पोतं रिकामं. आमचा नियम असा होता की चपला वर म्हणजे माणूस खाली. सात वर्षं मी त्या नियमावर विसंबून होते, त्यामुळे दुसरं काही मनातच आलं नाही. वाटलं, ऐंशीला टेकलेली, डोळ्यांनी अधू झालेली बाई माझी पाठ असताना तेरा पायऱ्या उतरली असेल आणि कुठल्या तरी पिशव्यांच्या आड टेकली असेल. परत खाली गेले. एकेक दोरी बाजूला सारत, "आक्का, ए आक्का" करत सगळे कोनाडे पाहिले. टांगलेल्या पिशव्या हलत होत्या. मीच हलवल्या होत्या, हे कळत होतं, तरी... शेवटच्या कोनाड्यापाशी पोचले तेव्हा वरून पाळकबाईंचा, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीचा आवाज आला, "मंगल, वर ये. आक्का गेल्या."

मी खालूनच विचारलं, "कुठं गेली? चपला तर इथंच आहेत."

वरून पाळकबाईंचा हुंदका ऐकू आला. तेव्हा कळलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. चर्चच्या फलकावर तिच्या नावाचा कागद लागला, 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या' असा. मार्था हे तिचं नाव मी त्या कागदावर पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं. सगळे तिला आक्काच म्हणायचे. पाळकसाहेब आक्का, दवाखान्यातले डॉक्टर आक्का, दारावर येणारा पाववाला आक्का. जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलं, नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. चर्चच्या मागच्या एका खोलीत राहायची आणि तळघराची किल्ली कमरेला लावायची. तिच्यावर लिहिण्याइतकं माझं शिक्षण नाही. पण तिच्याबद्दल लिहू शकेल असं दुसरं कुणी उरलेलंही नाही, आणि न लिहावं तर तिनं माझ्यासाठी जे केलं ते माझ्याबरोबरच जाईल, याची धास्ती वाटते.

त्या चर्चला तळघर आहे हे कोल्हापुरातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. रेसिडेन्सीच्या काळात कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं ते लहानसं दगडी चर्च बांधलं आणि त्याच्या पोटात आपल्या माणसांना ठेवायला जागा करून घेतली. बाजूच्या भिंतीत एक बुटकं लाकडी दार, आत तेरा पायऱ्या, आणि खाली काळ्या दगडाची कमान, इतकी खाली की हात वर केला तर बोटं टेकतात. दोन्ही बाजूंना तीन तीन लांब कोनाडे, प्रत्येकात एक शवपेटी मावेल एवढे. पाच कोनाडे नावांच्या पाट्या बसवून बंद केलेले. सहावा उघडा. ज्या साहेबानं तो स्वतःसाठी राखला होता तो म्हणे विलायतेला परत गेला आणि तिकडंच वारला. पाट्यांवरचं इंग्रजी आक्काला वाचता येत नव्हतं, मलाही नाही. तिचे वडील चर्चचे राखणदार होते. त्यांनी ती लहान असताना एकेका पाटीवर तिचा हात ठेवून ओळख करून दिली होती. ही बाईसाहेब, पटकीनं गेली. ही तिची छोटी, चार वर्षांची. हा पुलाचा इंजिनेर, नदीत बुडाला. आणि हे दोघं भाऊ, एकाच आठवड्यात तापानं गेले. आक्का या पाच जणांना 'पावणं' म्हणायची. कोल्हापुरात अनोळखी माणसाला तशीच हाक मारतात, पण ती म्हणायची तेव्हा त्यात पाहुणचार असायचा. "आपला मुलूख सोडून हितं येऊन पडलेत बिचारे," ती म्हणायची. "आई न्हाई, बा न्हाई, मेणबत्ती लावाय कोण न्हाई. पावणं न्हवं तर काय म्हणायचं त्यास्नी?"

इंग्रज गेल्यावर तळघरात मोडके बाक आले, नाताळच्या ताऱ्याचे बांबू आले, कुठल्याशा दुष्काळात वाटायला आलेल्या दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे येऊन पडले. मग सगळ्यालाच ओल लागायला लागली म्हणून तेही काढून टाकलं आणि दाराला कुलूप घातलं. दर शनिवारी आक्का एकटी खाली जाऊन झाडून यायची. पन्नास वर्षं.

मी लातूर जिल्ह्यातली. भूकंप झाला तेव्हा नववीत होते. आमचं घर दगड-मातीचं, वर मातीचं जाड माळवद; ते आमच्यावर बसलं. मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू, मध्ये भिंत पडलेली. मी हाताला लागलेल्या दगडानं टकटक करायचे, पलीकडून तो करायचा. आधी तीनदा. मग दोनदा. मग बऱ्याच वेळानं एकदा... पुढच्या टकटकीची वाट बघत मी पडून राहिले. मला बाहेर काढलं तेव्हा ऊन वर आलं होतं. शाळा तिथंच सुटली. शाळाही पडलीच होती. तीन वर्षांनी मामानं मला इतक्या लांब, कोल्हापुरात दिली. नवरा उद्यमनगरात लेथवर कामाला, खोली कसबा बावड्यात, कारखान्याच्या मळीचा वास चोवीस तास. पण खोलीवर पत्रा होता. पत्रा होता म्हणूनच मी तिथं राहू शकले. स्लॅबच्या घरात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं तर मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पदर पुढं करायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लातूरकरीण लई मानाची हाय बाई, घरात येत न्हाई." मी तसंच समजू दिलं. माझे पाय थरथरतात हे सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

निन्याण्णवच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या सात बायकांचा बचत गट झाला. पापड, शेवया सगळे करतात, आपण अळिंबी पिकवू, असं गटाच्या ताईंनी डोक्यात घेतलं. त्याचं शिक्षण झालं, बियाणं कुठं मिळतं ते कळलं. अळिंबीला लागते काळोखी, थंड, ओलसर जागा. आमच्या सगळ्यांच्या खोल्या पत्र्याच्या, दुपारी भाकरी भाजून निघेल अशा. तेव्हा शालन म्हणाली, "मी झाडायला जातो त्या देवळाखाली एक भुयार हाय बघा. गारेगार. फकस्त आत पाच साहेब हाईत." शालन आमच्यातली सगळ्यांत तोंडाळ. कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारखी तीही 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची. मला आधी त्याचंच हसू यायचं.

चर्चच्या कमिटीत वाद झाला. आम्ही बाहेर झाडाखाली बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणत होते, थडग्यांशेजारी भाजी पिकवायची, उद्या लोक काय म्हणतील? मग आक्काचा आवाज आला. "लोकं म्हणू द्यात काय म्हणायचं ते. पन्नास वर्सं पावण्यांकडं कोण फिरकलंय? चार बायका येत्याल, बोलत्याल, भांडत्याल. त्यास्नी बी जरा घरात असल्यागत वाटंल की." आम्हाला तळघर मिळालं.

पहिल्या दिवशी सहा जणी उतरल्या आणि मी दारात उभी राहिले. दगडाची कमान दिसली आणि पाय जागचे हलेनात. शालन खालून ओरडली, "ए मानाची, ये की खाली! साहेब कुंकू लावत्यात." आक्का दाराशी पोत्यावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं; फार वेळ बघितलं. दवाखान्यात आयाचं काम केलेल्या बाईला भ्यालेलं माणूस ओळखू येतं. "बस हितं," म्हणाली. दुपारी बायका भाकरी खायला गेल्या तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, बाळूची टकटकसुद्धा, जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. सांगताना तिला 'तुम्ही' म्हणत होते. ती म्हणाली, "तुमी कुणाला म्हणतीयास? माज्या मागं आनि कोण हुबा हाय का?" आणि मी खरंच तिच्या मागं बघितलं. त्यावर ती अशी हसली की मलाही हसू फुटलं.

मग तिनं मला एक युक्ती सांगितली. "आज एक पायरी. उद्या दुसरी. घाई कुणाला हाय? खालचं पावणं कुठं पळून चाललेत?" त्या दिवशी मी पहिल्या पायरीवर उभी राहून भाताच्या पेंढ्या चिरल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर बसून. बायकांनी टोमणे मारले, मारू दिले. तेराव्या दिवशी माझा पाय तळघराच्या फरशीला लागला. आक्का माझ्या पुढं उलटी चालत उतरली होती, माझा हात धरून, त्या वयात. खाली पोचल्यावर तिनं सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "पावणं, ही मंगल. ही बी लांबनं आलीया."

अळिंबीचं काम बघितलं नसेल त्यांना सांगते. भाताचं काड गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे थर देऊन मध्ये मध्ये बियाणं पसरायचं, तोंड बांधायचं, भोकं पाडायची आणि दोरीनं टांगून द्यायचं. कमानीला जुन्या कड्या होत्या, त्यांना आम्ही दोऱ्या बांधल्या. दोन-तीन आठवड्यांत आतलं काड पांढऱ्या जाळ्यानं भरून जातं, पिंजलेल्या कापसासारखं. मग पिशवी फाडायची, पाणी मारत राहायचं, आणि एका सकाळी बघावं तर चहूबाजूंनी अळिंब्या फुटलेल्या असतात. त्यांचा आकार कानासारखा. राखी-पांढरे कान, घोसाघोसानं, काळोखात लटकलेले. एका दिव्याच्या उजेडात तीसचाळीस पिशव्या अशा कान देऊन टांगलेल्या असायच्या आणि बोलता बोलता आमचे आवाज आपोआप खाली यायचे. शालनसुद्धा तिथं हळू बोलायची. तिचे विनोद मात्र चालूच असायचे: "तोडताना हळू ओढ गं, मागनं साहेब निघायचा." बाजारात कुठून तरी बातमी फुटली आणि लोक त्यांना मढ्याच्या छत्र्या म्हणायला लागले. गावात कुणी घेईना. मग हॉटेलांना द्यायला लागलो. तिथं कोण विचारतंय.

चपलांचा नियम आक्काचा. आम्ही सगळ्या तिथं देवळात उतरल्यासारख्या अनवाणी उतरायचो, चपला वरच्या पायरीवर. कुलूप लावताना आक्का खाली येत नसे, गुडघे दुखायचे. पायरी रिकामी दिसली की दिवा घालवायची आणि कुलूप लावायची. आणि पोत्यावर बसल्या बसल्या तिला एक चाळा होता. हातातल्या काठीनं आमच्या चपला फिरवून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. आधी सगळ्यांच्याच करायची. पुढं मुद्दाम माझ्या. "पळायचं झालं तर पाय सरळ आत गेला पायजे," म्हणायची. चेष्टेनं म्हणायची, पण मी खाली असताना मला तेवढा विचार पुरायचा, की वर माझ्या चपला दाराकडे तोंड करून उभ्या आहेत.

दुसरा नियम माझा होता. तळघरात आवाज विचित्र फिरायचा. वरून कुणी हाक मारली तर ती त्या उघड्या सहाव्या कोनाड्यातून आल्यासारखी वाटायची. आमच्याकडे आजी सांगायची, जागा बरी नसेल तिथं तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतं, दुसरं कुणी मारत नाही. मी तळघरात ते पाळायचे. आक्काला ठाऊक होतं. ती तीनदा हाक मारायची आणि तिसऱ्या हाकेला धाप लागल्याचं सोंग करायची. "आगं, तिसरीपतोर मी जित्ती ऱ्हाईन का न्हाई, त्याचा तरी इचार कर."

मग दोन हजार सालच्या पावसाळ्यात ते घडलं. नवऱ्यानं मला नव्या चपला आणल्या होत्या, चांगल्या कातडी, कोल्हापुरात आल्यापासूनच्या पहिल्या. एवढ्या नव्या चपला पावसात दाराशी ठेवायचं धाडस होईना. कुत्रं नेईल, कुणी घालून जाईल. मी त्या पिशवीत घालून खाली घेऊन गेले. दुपारी बाकीच्या वर गेल्या, मी शेवटच्या कोनाड्यातल्या पिशव्या बघत राहिले. आक्काला डोळे तपासायला दवाखान्यात जायचं होतं. तिनं पायरी बघितली. रिकामी. दिवा गेला आणि वर कुलूप लागल्याचा आवाज आला.

मी ओरडले. ते जाड लाकूड, वर धो धो पाऊस. तेरा पायऱ्या चाचपडत चढले, दार बडवलं, नखं मोडली. मग श्वास लागेना म्हणून खाली आले. का आले ते आजही सांगता येत नाही. काळोख इतका की डोळे उघडे आहेत का मिटलेले ते हात लावून बघावं लागत होतं. मी फरशीवर आडवी झाले, आणि हाताला पाण्याचा डबा लागला, तो दगडावर आपटायला लागले. टक टक टक. कुणासाठी, ते माझं मला ठाऊक होतं.

किती वेळानं ते सांगता येत नाही... सहाव्या कोनाड्याच्या बाजूनं एक टकटक आली.

एकच. मी हलले नाही. पुन्हा डबा आपटला. बऱ्याच वेळानं पुन्हा आली, जरा जवळून. तुम्ही म्हणाल, पाणी गळत असेल, दगड तडकला असेल. मीही तसंच म्हणते, दिवसा. पण त्या वेळी मी डबा आपटत राहिले आणि पलीकडून उत्तर येत राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची थांबली. त्या पहिल्या वेळी टकटक थांबली होती. ही थांबत नव्हती.

दार उघडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. आक्का पायऱ्या बसत बसत उतरली, भिजून चिंब, आणि अनवाणी. दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आपला नंबर यायची वाट बघत ती त्या ढिगाकडे बघत बसली आणि तिच्या डोक्यात आलं, "सकाळच्याला तू माज्या म्होरनं आत गेलीस, पन पायरीवर तुजं पायतान मी बघितलंच न्हाई. आनि कुलूप लावताना बी न्हवतं. मग तू गेलीस कवा?" ती तिथून तशीच उठली. स्वतःच्या चपला त्या ढिगात राहिल्या, त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. रिक्षा मिळाली नाही म्हणून पावसात चालत आली. मला छातीशी धरून ती एकच वाक्य म्हणत राहिली, "मी सोडून गेलतो व्हय गं तुला... मी सोडून गेलतो."

मी तिला टकटकीचं विचारलं. ती म्हणाली, "मी न्हाई. मी तर किल्लीनंच उघडलं." मग म्हणाली, "पावण्यांनी वाजवलं असंल. मागं ऱ्हायल्यालं कसं असतंय, त्यास्नी ठावं हाय."

नव्या चपला मी तिच्या पायात घातल्या. एक बोटभर मोठ्या झाल्या तिला, तरी घातल्या. त्या दिवसापासून तिनं स्वतःचा नियम बदलला. मी खाली असेपर्यंत तिच्या चपला वरच्या पायरीवर राहणार, माझ्या जोडाशेजारी, आणि ती दाराशी पोत्यावर. "तू वर येईस्तोवर हे पायतान हितनं हलत न्हाई," ती म्हणाली. मी अनेकदा म्हटलं, आक्का, खोलीत जाऊन पड. ती नाही म्हणायची. उन्हात बसली, थंडीत शाल गुंडाळून बसली. त्या चपलांचे अंगठे चांभारानं तीनदा घातले.

दोन हजार पाचच्या पुरात बावड्याचा रस्ता बंद झाला, मी चार दिवस तिकडं जाऊ शकले नाही. गेले तेव्हा तळघरात जमिनीतून पाणी वर आलं होतं, गुडघाभर, काळं, हलतही नव्हतं. आणि त्या पाण्यावर टांगलेल्या सगळ्या पिशव्यांना अळिंब्या फुटल्या होत्या. चार दिवस कुणी तोडल्या नाहीत म्हणून अळिंब्या हाताएवढ्या झालेल्या, पांढऱ्या, खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. जणू वरून आणि खालून सगळ्यांनी कान लावले होते. शालननं ते बघितलं आणि दारातूनच हात जोडले. "बास झालं मला. साहेबांनीच आता हाटेल काढलंय," म्हणाली. गटातल्या बाकीच्यांनीही सोडलं. उरलो आम्ही दोघी. मी खाली, ती वर. दोन माणसांना पुरेल एवढ्याच पिशव्या लावायच्या. मुलाची शाळा त्यावर झाली, अजून होते आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी ती उपासाची होती, ईस्टरच्या आधीचे दिवस. चहा घे म्हटलं तर म्हणाली, "तू वर आलीस की घेतो." मी खाली गेले. बारा वाजून गेले असतील. पाणी मारायचा पंप हातात होता. तेवढ्यात सहाव्या कोनाड्यातून हाक आली, "मंगल..."

आक्काचा आवाज नव्हता तो. मी पंप थांबवला. दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. दुसरी हाक आली नाही. पाण्याचे थेंब पिशव्यांवरून टपटपत होते, तेवढाच आवाज. मग मी पुन्हा पंप मारायला लागले. सगळ्या पिशव्या झाल्या, तोडणी झाली, टोपली भरली. अर्धा-पाऊण तास. त्यानंतर वर आले आणि पायरीवर दोन जोड बघून पुन्हा खाली शोधायला गेले, ते वर सांगितलंच.

ती हाक पाळकबाईंची होती. हे मला अंत्यविधीनंतर आठ दिवसांनी कळलं; त्यांनाही सांगवत नव्हतं. आक्का पोत्यावरून कलंडली तेव्हा त्या अंगणातच होत्या. रिक्षावाल्याला बोलावून दोघांनी तिला उचललं. पाळकबाईंनी दारातून मला हाक मारली. खाली उतरायला त्या भितात, एकदाही उतरलेल्या नाहीत. मी ओ दिली नाही. त्या पुन्हा हाक मारणार होत्या. मी त्यांना विचारलं, मग मारली का नाही? मनात एकच येत होतं, की त्या एका हाकेला ओ दिली असती तर मी तिच्याबरोबर रिक्षात असते, तिचा हात धरून उलटी चालले असते... पाळकबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, "आक्कांनीच मला थांबवलं गं. हसत होत्या. म्हणाल्या, 'तिला तीन हाका लागत्यात, बाई. तेवडा येळ न्हाई. चला.' मी त्यांच्या चपला घ्यायला वाकले, तर माझा हात धरला. 'पायतान ऱ्हाऊ द्या हितंच,' म्हणाल्या, 'पोरगी खाली हाय.'"

दवाखान्यात ती अनवाणी गेली. दुसऱ्यांदा माझ्यासाठी.

कमिटीनं आता किल्ली माझ्याकडे दिली आहे. मी हिंदू घरातली, परजिल्ह्यातली, नववी नापाससुद्धा नाही, नुसती सुटलेली, तरी दिली. दर शनिवारी पाट्या पुसते, मेणबत्ती लावते. पाळकबाई म्हणाल्या, चपला घरी घेऊन जा, आठवण म्हणून. मी कापड घेऊन गेलेही होते. पण वाकले आणि हात लागेना. त्या उचलल्या तर कुणीच कुणासाठी थांबलेलं नाही, असं होईल. म्हणून त्या तिथंच आहेत. मी उतरताना माझ्या त्यांच्या शेजारी काढते.

मागच्या शनिवारी घाईत होते. मुलाला ताप, लवकर परतायचं होतं. चपला कशाही काढल्या, एक पायरीवर, एक दाराच्या फटीत उलटी पडलेली, नीट आठवतंय. तासाभरानं वर आले. दोन्ही जोड शेजारी-शेजारी होते आणि माझ्या चपलांची तोंडं दाराकडे होती. पाळकबाई त्या दिवशी मिरजेला गेल्या होत्या. अंगणात कुणी नव्हतं, फाटक लावलेलं. भ्याले का? भ्याले. पाय थरथरायला लागले, तेच जुने. पण पळाले नाही. पाय सरळ आत गेले.

एका हाकेची ओ माझ्याकडं राहून गेली होती. दारात उभी राहून, खाली काळोखाकडे तोंड करून मी ती दिली. "ओ" म्हटलं. आवाज कोनाड्यांतून फिरून सावकाश परत आला. माझाच असणार. मग दिवा घालवला, दार ओढून घेतलं. कुलूप हातात होतं. तिच्या चपला वर होत्या, म्हणून लावलं नाही.